समानार्थी

शिवलीलानं वही पुढे सरकवली,
"काका, ओव्हरएक्स्पोजर.
अर्थ आणि समानार्थी शब्द. चार तरी."

कोशात एक आहे, अतिउद्भासन.
चाळीस वर्षं कॅमेरा धरला,
तो शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नाही.
आमच्या दुकानात म्हणायचे, उडालं.
कपाळ उडालंय, पुन्हा बसा.
नवरदेवाचा फेटा उडाला, पैसे परत द्या.

तर लिही, उडणे.
विटणे लिही. चादरवाल्यांचा शब्द आहे,
गच्चीवर विसरलेली तांबडी चादर
मे महिन्यात पंधरा दिवसांत गाजरी होते,
आणि घडीच्या आतली बाजू
नवी ती नवीच.
रापणे माणसांचं.
करपणे भाकरीचं, आणि वाऱ्यावर सोडलेल्या कोथिंबिरीचं.
यंत्रमागांच्या गल्लीत विचार, एंडदेब्बा म्हणतील.
अण्णा नुसतं म्हणायचे, बिसिलु,
आणि शटर अर्ध्यावर ओढायचे.

ते शटर बघ. कन्ना चौक, तोंड पश्चिमेला,
नाव छाया फोटो स्टुडिओ.
नाव ठेवताना अण्णांनी दिशा पाहिली नव्हती.

श्यामला येमूल आली तेव्हा मी डार्करूममध्ये होतो.
स्थळासाठी फोटो हवा होता, पोस्टकार्ड साइज, तीन प्रती.
विड्या वळून बोटांची टोकं काळपट झालेली,
ती तिनं पदरात लपवली
आणि हनुवटी जराशी वर केली.
अण्णांच्या हातून तसा फोटो
पुन्हा निघाला नाही.
त्यांनी तो वीस बाय चोवीसचा मोठा केला,
मरून मखमलीवर लावला, शोकेसमध्ये, मधोमध.
तिला विचारलं नाही.
तेव्हा कुणी विचारत नसे, असं मी आजवर सांगत आलो.

भिवंडीची माणसं तिला पाहायला आली
ती याच चौकात रिक्षातून उतरली.
आधी काचेत पाहून घेतलं.
पानाच्या टपरीवर विचारलं, ही कोण?
टपरीवाला हसून म्हणाला,
ही रोज इथेच असते की.
येमूलांच्या घरी पोहे भिजवलेले होते.
रिक्षा तशीच स्टेशनकडे वळली.

चव्हाट्यावर येणे,
हा वाक्प्रचार आहे, समानार्थी नाही,
तुझ्या बाई काट मारतील.
तरी लिही. पेन्सिलनं लिही.

ती आली भर दुपारी दोनला,
डोक्यावर ओला टॉवेल, काखेत तेंदूपानांचं सूप.
म्हणाली, "माझा काढा."
अण्णा स्टुलावर चढले.
तोवर आठ महिन्यांचं ऊन खाऊन
तिचं नाक गेलं होतं, गाल गेले होते.
राहिले होते डोळे, भांग,
आणि एका कानातली कुडी.
तिनं बराच वेळ पाहिलं,
मग कनवटीला हात घातला, "किती?"

अण्णांना आकडा सुचेना.
गिऱ्हाइकासमोर कधी न अडखळलेला माणूस,
स्टुलावर तसाच उभा,
हातात खिळा.

तिनं फोटोची सुरळी केली, पेपरात गुंडाळली,
सुपाखाली धरून ती उन्हात गेली.
पुढे काय झालं, ठाऊक नाही.
कुणी सांगतं सुरतेला दिली, कुणी सांगतं तिथेच विडी घरकुलात आहे.
मी चौकशी केली नाही.
अजून किती बघायचं एखाद्या माणसाकडे.

"काका, चार झाले," शिवलीला म्हणाली,
"आणि अर्थ?"

मी तिला बाहेर नेलं, काच दाखवली.
मखमल सगळी राखेसारखी झालीय, कडांना तर सुतंच उरलीत.
मधोमध एक चौकोन, उभा,
गडद मरून,
जिथे तिच्या पाठीमागे ऊन पोचलं नव्हतं.
तिथं आम्ही काही टांगलं नाही पुन्हा.

तिनं वहीत चौकोन काढला,
खाली काही लिहिलं नाही.
चार वाजले होते.
ऊन काचेवर आलं,
आणि मला दिसलं,
तो चौकोनही आता
बराच विटलाय.